‘तो खाऊनच नाही राहिला जी’: साकोलीकडच्या एका फायटर माशाचं प्रकरण

नर फायटर (बेट्टा), वय वर्षाच्या आतलं, अंग गर्द निळं, पंखांच्या कडा लाल. दिवाळीच्या खरेदीत नागपूरहून आणलेला. मुक्काम भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातलं, धानपट्ट्यातलं एक गाव, कवेलूचं (कौलारू) घर, समोरच्या खोलीत खिडकीजवळची फळी, आणि त्या फळीवर अडीच लिटरचं गोल काचेचं भांडं. मालकीण आठवीतली. तक्रार एकच: मासा खात नाही.

मी तिच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरी फायटर पाळतो, त्यामुळे अशा तक्रारी माझ्याकडे येतात. येणारा माणूस ‘आता याला खायला काय देऊ?’ असंच विचारतो. खाण्याचा डबा बदलून पाहण्याकडे सगळ्यांचा कल असतो, कारण डबा बदलणं सोपं आहे. हे प्रकरण तपशिलाने लिहितोय, कारण यात एकाच माशाचं खाणं तीनदा बिघडलं आणि तिन्ही वेळचं कारण निराळं होतं.

माशाचं नाव ‘जय’. नागझिऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे उमरेड-कऱ्हांडल्यात गाजलेल्या, २०१६ साली बेपत्ता झालेल्या वाघावरून वडिलांनी ठेवलेलं. या भागात कुत्र्यापासून ट्रॅक्टरपर्यंत कशालाही हे नाव मिळतं.

आधीचा इतिहास

वडील राईस मिलवर कामाला. त्यांनी मासा घेतला तेव्हा दुकानदाराने बरोबर दाण्यांची एक छोटी पुडी दिली. लाल-हिरवे दाणे, मोठ्या पोत्यातून काढून पारदर्शक पिशवीत भरलेले. वर नाव नाही, तारीख नाही, काय काय घातलंय तेही नाही. घरी आल्यावर पहिले काही दिवस जय दाणा तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. पुन्हा घ्यायचा, पुन्हा थुंकायचा. घरच्यांना तो खेळ वाटला.

मग एकेकाने आपापलं डोकं चालवलं. आईने उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमूटभर सोडला. कुणी पोळीचा चुरा टाकला. धाकट्या भावाने मुरमुरे आणि कनकी (तांदळाचा चुरा) टाकली. शेजारच्या काकूंनी सुकटीची पूड दिली, ती खारवलेली. मिलवरच्या कुणीतरी सुचवलं म्हणून भांड्याला टेकून आरसा ठेवला, ‘जरासा चवताळला की भूक लागते’ या हिशेबाने. दर रविवारी भांडं पूर्ण रिकामं करून, साबणाने नाही पण राखेने लख्ख घासून, नळाच्या ताज्या पाण्याने भरलं जायचं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मासा निदान दाण्याकडे यायचा तरी. नाताळच्या सुमारास तो तळाशी बसून राहू लागला. सकाळी तर नुसता काचेला टेकलेला. नवीन वर्षात त्याने काही खाल्लेलं कुणी पाहिलं नाही.

हे सगळं एका दमात नाही कळलं. मुलीने पहिल्यांदा एवढंच सांगितलं होतं: “सर, तो खाऊनच नाही राहिला जी. सगळं देऊन पाह्यलं.”

समोर दाणा पडल्यावर मासा काय करतो

‘खात नाही’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. म्हणून मी तिला आधी घरी पाठवलं आणि एक दाणा टाकून नीट पाहून यायला सांगितलं.

मासा धावून येतो, दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो, तेव्हा भूक शाबूत असते. दाणा मोठा आहे, कडक आहे, चव ओळखीची नाही किंवा शिळी आहे. फायटरचं तोंड लहान आणि वरच्या बाजूला वळलेलं असतं. पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेले किडे आणि डासांच्या अळ्या टिपायला ते बनलंय. एक मिलिमीटरच्या आसपासचा, तरंगणारा दाणा त्याला सोयीचा. तळाला गेलेला दाणा तो बहुधा सोडून देतो, आणि तो तिथेच कुजतो.

मासा जवळ येतो, पाहतो आणि वळून जातो, तेव्हा मी आजूबाजूला काय बदललं ते विचारतो: नवी जागा, आरसा, टीव्हीचा आवाज, काचेवर टकटक करणारी पोरं. नव्या घरी आलेला फायटर दोन-चार दिवस असा वागला तर त्यात काळजीचं काही नाही.

आणि मासा दाण्याकडे पाहतच नाही, तेव्हा खाण्याचा विचार बाजूला ठेवायचा. तिथे पाणी, तापमान किंवा आजार, यांतलं काहीतरी असतं.

मुलगी दुसऱ्या दिवशी वहीच घेऊन आली. दाणा नाकासमोरून खाली गेला, तो हललाही नाही, अधूनमधून फक्त वर येऊन हवा घेतो, असं तिने लिहिलं होतं. म्हणजे नोव्हेंबरात तो पहिल्या प्रकारात होता आणि जानेवारीत तिसऱ्या. मधल्या काळात काय झालं, ते शोधायला मी तिच्या घरी गेलो.

घरी जाऊन पाहिलं ते

सकाळी आठच्या आत पोचलो. वेळ मुद्दाम तीच घेतली. भांड्याजवळ गेल्यावर पाण्याला किंचित आंबूस वास होता. काचेवर आतून बुळबुळीत थर. खाली पांढुरक्या कापसासारखं काहीतरी, म्हणजे बुरशी चढलेले दाणे आणि बलकाचे कण. जय तळाशी, पंख मिटून, शेपटीची कड जरा खाली झुकवून बसलेला.

टॉर्च बाजूने मारून अंग पाहिलं. सोनेरी भुकटीसारखा थर असतो तो मखमल रोग; तो नव्हता. पांढरे ठिपके नव्हते. वरून पाहिल्यावर खवले अंगाला चिकटलेले दिसले, उभारलेले नव्हते. खवले उभे राहिले की जलोदर समजायचं, आणि तिथे सहसा उपाय उरत नाही. पोट आत गेलेलं होतं पण चिरल्यासारखं खपाटीला गेलं नव्हतं. गुदद्वारापाशी लाल धागे नव्हते, म्हणजे निदान डोळ्यांना दिसणारे जंत नव्हते. एवढं पाहून मी औषधाचा विषय बंद केला. दुकानदाराने फोनवर पिवळं औषध टाकायला सांगितलं होतं आणि वडिलांनी ते आणूनही ठेवलं होतं. आजाराचं एकही लक्षण नसताना अडीच लिटरच्या भांड्यात औषध ओतणं मला पटत नाही. अशक्त माशाला तो आणखी एक भार होतो.

मग थर्मामीटर सोडला. १७ अंश.

इथेच प्रकरण निम्मं सुटलं. फायटर हा मूळचा थायलंड आणि आसपासच्या देशांतला, धानाच्या बांध्या (भातखाचरं), दलदली आणि मंद वाहणाऱ्या पाण्यातला मासा. थायलंडने २०१९ साली त्याला आपला राष्ट्रीय जलचर घोषित केलं. धानाची बांधी म्हटली की आपल्याकडच्या माणसाला वाटतं, मग इथे त्याला काय कमी? आडवा येतो तो हिवाळा. मध्य थायलंडात ऐन थंडीतही रात्रीचं तापमान सरासरी २० अंशांच्या आसपास राहतं. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत १० च्या खाली उतरतो, आणि कवेलूच्या घरात खिडकीजवळ ठेवलेलं अडीच लिटर पाणी रात्रभरात त्याच्या मागोमाग उतरतं. माशाचं स्वतःचं रक्त गरम नसतं. पाणी १७ अंशांचं तर मासाही १७ अंशांचा. त्याचे पाचकरस मंदावतात, हालचाल मंदावते, आणि भूक बंद होते. अशा वेळी तो खात नाही हेच बरं. खाल्लं असतं तर ते पोटात पडून राहिलं असतं. त्याला २५ ते २८ अंशांचं पाणी लागतं, आणि दिवसरात्र साधारण एकसारखं लागतं. दुपारी ऊन आलं की हेच भांडं २२ पर्यंत चढत होतं आणि रात्री पुन्हा खाली. ही रोजची चढउतार थंडीइतकीच वाईट.

गंमत म्हणजे घरात हे एका माणसाला ठाऊक होतं. मुलीचे आबाजी जन्मभर तलावावर मासेमारी केलेले, मत्स्य सहकारी संस्थेचे जुने सभासद. मी थर्मामीटर दाखवल्यावर ओट्यावरून म्हणाले, “थंडीत मासा तोंड नाही उघडत जी. मरळ गळाला लागते का थंडीत? खाली चिखलात बसून रायते.” मग तुम्ही बोलला का नाहीत, असं सुनेने विचारलं तर म्हणाले, “मले कोनं विचारलं? मले वाटलं काचेतल्या माशाचं काही येगळं असन.” वेगळं काही नव्हतं. मरळही वरची हवा घेते, फायटरही घेतो. थंडीत दोघांचीही भूक मरते. फरक इतकाच की तलावात मरळीला खोल पाण्याचा आसरा आहे.

पाणी आधी, गरमी नंतर

थंडी सापडल्यावर सगळ्यांनाच घाई झाली. वडील म्हणाले, गंजात (पातेल्यात) पाणी तापवून टाकू. मी थांबवलं.

सोबत नेलेल्या थेंबांच्या किटवर पाणी तपासलं होतं. सामू (पीएच) ८ च्या जवळ. इकडच्या बोअरच्या पाण्याचा असतोच. अमोनियाच्या नळीचा रंग २ आणि ४ पीपीएमच्या मधला. चांगल्या टाकीत हा आकडा शून्य असायला हवा. टाकलेला बलक, पोळी, मुरमुरे आणि सुकट, या सगळ्याचा हा हिशेब होता. मासा खात नाही म्हणून खाणं वाढवलं, खाणं कुजलं, पाणी बिघडलं, आणि पाणी बिघडलं म्हणून मासा आणखी खाईना.

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातलं एक माशाला फारसं बाधत नाही, दुसरं कल्ले जाळतं. कोणतं रूप किती, हे सामू आणि तापमान ठरवतं. सामू ८ असताना १७ अंशांना सुमारे तीन टक्के अमोनिया घातक रूपात असतो. तेच पाणी २७ अंशांवर नेलं की सहा टक्के. म्हणजे घाण पाणी तसंच तापवलं असतं तर विषाचा हिस्सा दुप्पट झाला असता. थंडीने बसलेला मासा ‘गरम केल्यावर मेला’ असं ऐकायला मिळतं, त्यातल्या काही प्रकरणांमागे हेच असावं असा माझा अंदाज आहे.

तेव्हा आधी तळाची घाण नळीने ओढून काढली आणि तिसरा हिस्सा पाणी बदललं. नवं पाणी भांड्यातल्याच तापमानाचं. संध्याकाळी पुन्हा तेवढंच, दुसऱ्या दिवशी पुन्हा. रविवारची राख-घासणी बंद. भांड्याच्या काचेवर आणि वाळूवर अमोनिया पचवणारे जिवाणू हळूहळू वसतात. दर आठवड्याला सगळं लख्ख केलं की ते कधी वसतच नाहीत. जुन्या पाण्यातून एकदम नव्या पाण्यात गेल्याचा धक्का माशाला बसतो तो निराळाच.

नळाच्या पाण्याचा एक प्रश्न होता. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते, आणि ज्या दिवशी पडते त्या दिवशी नळाला वास येतो. ते क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना झोंबतं. उपाय साधा: रुंद तोंडाची बकेट भरून चोवीस तास उघडी ठेवायची, वर फक्त जाळी. ज्यांना थांबायला वेळ नाही त्यांनी क्लोरीन मारणारे हायपोचे खडे वापरावेत, पण गावात बकेटीला कोण नाही म्हणतं?

तिसऱ्या दिवशी किटचा रंग अर्ध्याच्या खाली आला, तेव्हा गरमीकडे वळलो.

अडीच लिटरच्या भांड्यात हीटर टाकणं म्हणजे मासा उकडायची सोय. थोडं पाणी झपाट्याने तापतं आणि लाइन गेली की तितक्याच झपाट्याने निवतं. वडिलांनी साकोलीहून वीस लिटरची साधी काचेची टाकी आणली. सोबत पंचवीस वॉटचा, आपोआप बंद होणारा छोटा हीटर. लिटरमागे एक वॉट हा ढोबळ हिशेब चालतो. खरी करामत केली ती थर्माकोलने. आठवडी बाजारात बर्फातले मासे ज्या पेट्यांतून येतात तसली एक पेटी आबाजींनी मासेवाल्याकडून मागून आणली, धुऊन वाळवली, तिचे पत्रे कापून टाकीच्या तीन बाजू आणि तळ मढवले. समोरची बाजू पाहायला मोकळी. वर झाकण, पण पाणी आणि झाकण यांच्यात चार बोटं हवा. ही हवा महत्त्वाची. फायटर कल्ल्यांसोबत डोक्यातल्या एका खास अवयवाने वरची हवाही घेतो. खाली पाणी २६ अंश आणि वर हवा १० अंश असली तर तो प्रत्येक श्वास बाधतो. झाकणाचा दुसरा फायदा, फायटर उडी मारतो.

तापमान एका दिवसात नाही वाढवलं. रोज दोन-तीन अंश, अशा चालीने २६ वर नेलं. मधल्या एका रात्री सहा तास लाइन नव्हती. सकाळी मुलीने वाचन घेतलं: २४. जुन्या भांड्यात तेच पाणी पहाटेच्या हवेपर्यंत उतरलं असतं.

पाणी २३ च्या वर गेल्यावर जय टाकीभर फिरू लागला. २५ ला त्याने काचेत स्वतःचीच सावली पाहून गालफडं फुगवली. आरसा अर्थातच आधीच उचलला होता. फुगणं हे त्याचं भांडण आहे, आणि दिवसभर न संपणारं भांडण कुणालाही थकवतं.

अळ्या, आणि आशाताई

आता खाण्याचा प्रश्न खाण्याचा झाला. मूळची अडचण बाकीच होती: त्या पुडीतला दाणा.

पुडी उघडून हुंगली. खवट. चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलेली, तोंड उघडं. दाण्यातली स्निग्ध द्रव्यं हवेने आणि उष्णतेने खराब होतात, जीवनसत्त्वं उडतात, आणि माशाला ते आपल्या आधी कळतं. शिवाय दाणा दोन मिलिमीटरच्या पुढचा आणि दगडासारखा. वडिलांना दुकानात फोन करून विचारायला लावलं की तिथे याला काय घालत होतात. उत्तर आलं, सुकवलेले किडे. म्हणजे कालपर्यंत किडे खाणाऱ्या माशासमोर खवट गोळी ठेवली होती. नोव्हेंबरातल्या थुंकण्याचा उलगडा तिथे झाला. पोळी, मुरमुरे आणि कनकीबद्दल काय सांगायचं. फायटर मांसाहारी आहे, त्याच्या खाण्यात ३५ ते ४० टक्के तरी प्रथिनं हवीत. पिठाने त्याचं पोट भरतही नाही आणि साफही होत नाही.

बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माशाला पहिला घास हलणारा द्यावा. वळवळ दिसली की त्याला राहवत नाही. गावात त्यासाठी पैसे लागत नाहीत, डासांच्या अळ्या आहेत. पण कुठल्या घ्यायच्या ते पाहावं लागतं. नालीतल्या अळ्या नकोत, त्यांच्यासोबत नाली येते. बोडीतल्या (छोट्या तळ्यातल्या) नकोत, तिथे चतुराच्या अळ्या आणि जळवाही हाती लागतात आणि माशांचे रोगही. बांधीतल्या तर मुळीच नकोत. जानेवारीत उन्हाळी धानाचे परे (रोपं) टाकलेले असतात आणि फवारणी कुणी कधी केली ते कळत नाही. गुरांच्या पाण्याच्या टाक्यातल्या चालतात, त्यात आरोग्य खात्याने अळ्या मारणारं अबेट टाकलेलं नसेल तर. ते विचारूनच घ्यायचं.

मुलीने स्वतःची सोय केली. गोठ्यामागे सावलीत एक बकेट, त्यात पाणी आणि मूठभर तणस (भाताचा पेंढा). थंडीमुळे वेळ लागला, पण अळ्या झाल्या. आणि त्याच आठवड्यात कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवायचा दिवस, पाळला जातोय की नाही ते पाहायला गावातल्या आरोग्यसेविका आशाताई आल्या. त्यांनी बकेट पाहिली आणि विचारपूस न करता पालथी केली.

पोरगी रडकुंडीला आली. मी आशाताईंच्या बाजूने आहे. पावसाळ्यानंतर डेंगीचे रुग्ण सापडतात आणि घरोघरी रांजण पालथे करायला त्यांनाच फिरावं लागतं. एका फायटरसाठी गावाला डास पुरवायचे नाहीत. त्यांच्याशी बोलून तोडगा निघाला. बकेट झाकायची, तीही मच्छरदाणीच्या कापडाने, काठाला दोरी आवळून. अंडी घालायला उघडी ठेवली की दोन दिवसांनी झाकण. अळ्या दिसू लागल्या की चहाच्या जुन्या गाळणीने रोज उपसायच्या, साध्या पाण्यात दोनदा खळबळून धुवायच्या, आणि दर आठवड्याला बकेट रिकामी करून घासून कोरडी करायची. अळीचा डास व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस लागतात, थंडीत जास्त; आठवड्याचा फेरा पाळला तर डास उडत नाही. आशाताई आता बकेट पाहून जातात आणि मुलीच्या वहीत तारीख टाकतात.

पहिल्या दिवशी दोन अळ्या सोडल्या. जय तिरका झाला, डोळे अळीवर रोखले, अंग किंचित मागे ओढलं आणि झडप घातली. दुसरी अळी पृष्ठभागाखाली लोंबत होती, ती खालून येऊन उचलली. खोलीत टाळ्या पडल्या. त्या दिवशी मी आणखी द्यायला मनाई केली. रिकाम्या आतड्याला हळूहळूच सुरुवात लागते.

आठवडाभराने दाण्याची सवय लावायला घेतली. अळ्यांवरच मासा पोसायचा तर ती रोजची हमाली. शिवाय मार्चनंतर मुलीची परीक्षा. नवीन डबा आणला: फायटरसाठीचा, एक मिलिमीटरचा तरंगणारा दाणा, बंद डबा, वर तारीख आणि घटक छापलेले, पहिला घटक मासळीचा. डबा लहानच घ्यायला सांगितला, कारण उघडल्यावर सहा महिन्यांत तो संपायला हवा आणि एक मासा खातो तरी किती. दाणा टाकीच्याच पाण्यात दोन मिनिटं भिजवायचा, म्हणजे मऊ होतो. मग एक अळी, लगेच एक दाणा, पुन्हा एक अळी. अळीच्या आवेगात तो दाणाही घेतो. पहिले दोन दाणे थुंकले, तिसरा थुंकून परत घेतला, चौथा गिळला. थुंकलेला दाणा तसाच सोडायचा नाही. पाच मिनिटांत गाळणीने बाहेर. सकाळी अळी अजिबात द्यायची नाही आणि दाणाच द्यायचा, कारण तेव्हा भूक जास्त. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो निव्वळ दाण्यावर आला. सकाळी तीन, संध्याकाळी तीन.

तिसऱ्यांदा

आणि मग तो पुन्हा खाईना. या वेळी पोट टम्म फुगलेलं, एका कुशीवर कललेला, खाली जायला धडपडतोय आणि परत वर येतोय.

पाणी तपासलं: अमोनिया शून्य. तापमान २६. म्हणजे पाण्याचा दोष नव्हता. वरून पाहिलं, खवले सपाट होते, जलोदर नव्हता. चौकशीत धाकट्या भावाने कबूल केलं की ताई शाळेत गेली असताना तो जेवणाच्या सुट्टीत घरी येतो आणि जय ‘मागतो’ म्हणून त्याला कोरडे दाणे घालतो. किती, तर चमचाभर. फायटर नेहमीच मागतो. काचेसमोर माणूस आला की शेपूट हलवत वर येतो, पोट भरलेलं असलं तरी येतो. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं, आणि कोरडा दाणा आत जाऊन फुगतो.

इथे उपाय म्हणजे काही न करणं. तीन दिवस पूर्ण उपास, पाणी २७ अंशांवर, टाकीतल्या पाण्याची उंची थोडी कमी, म्हणजे वर यायला त्रास पडत नाही. निरोगी मोठा फायटर आठवडाभर उपाशी सहज राहतो. तीन दिवसांनी काही बिघडत नाही, हे आईला पटवायला मात्र मासा वाचवण्यापेक्षा जास्त बोलावं लागलं. आपल्या घरात कुणाला उपाशी ठेवणं जड जातं, आणि जो दुखणाईत आहे त्याला तर दोन घास जास्तच वाढतात.

इंटरनेटवर अशा वेळी उकडलेल्या वाटाण्याचा गर द्यायला सांगतात. मी देत नाही. वाटाणा गोल्डफिशला ठीक आहे, तो झाडपाला खातो. फायटरच्या आखूड आतड्याला तो पचवायचा सराव नाही. त्याऐवजी चौथ्या दिवशी थोडा डाफनिया दिला. पाण्यात उड्या मारत पोहणारा हा टाचणीच्या टोकाएवढा जीव. त्याचं बाहेरचं कवच पचत नाही आणि तेच पोट साफ करतं. माझ्याकडे हिरव्या पाण्याच्या टाकीत तो कायम असतो, त्यातून एक बाटली भरून पाठवली. दुसऱ्या दिवशी तळाशी तपकिरी गोळ्या दिसल्या, पोट उतरलं, आणि जय सरळ पोहू लागला. आता डबा कपाटात वरच्या खणात असतो. धाकट्याला रोज संध्याकाळचे तीन दाणे घालायचा अधिकार दिलाय. अधिकार नसताना तो चोरून घालत होता. अधिकार मिळाल्यापासून मोजून घालतो. रविवारी उपास, तोही त्यानेच कॅलेंडरवर मांडलाय.

पुढची तयारी

मार्चच्या मध्याला हीटर काढला. आता विदर्भाचा उन्हाळा, म्हणजे प्रश्न उलटा. मे महिन्यात पारा ४५ कडे जातो तेव्हा खोलीतलं पाणी ३२-३३ पर्यंत चढू शकतं. त्या पाण्यात फायटर जास्त खातो, जास्त घाण करतो, आणि सामू ८ असल्याने तोच अमोनिया आणखी घातक होतो. म्हणून टाकी खिडकीजवळून हलवून मधल्या खोलीत मातीच्या भिंतीला लावलीय. तिथे ऊन कधीच येत नाही. थर्माकोल तसाच ठेवायला सांगितलाय, तो बाहेरची गरमीही अडवतो. झाकणाच्या जागी मात्र मच्छरदाणीचं कापड ताणलंय, म्हणजे वाफ निघून पाणी थोडं निवतं. कूलरचा झोत थेट टाकीवर नको, दुपारी चालू आणि रात्री बंद, त्याने पुन्हा चढउतार. दुपारचं वाचन ३० च्या वर गेलं की बर्फ टाकायचा नाही, बंद बाटलीतलं माठाचं पाणी वर तरंगत ठेवायचं, आणि त्या दिवशी दाणे सहाऐवजी चार.

तळातली घाण काढून पाव हिस्सा पाणी बदलणं उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा केलंय. टीसीएलच्या वासाच्या दिवशी बकेट भरायची नाही, हे काम आबाजींनी स्वतःकडे घेतलंय. नळावर ते तसेही पहाटे असतातच.